वेगळे ताट

कृष्णाकाठच्या एका पेठेत धनपाळशेट नावाचे गुळाचे व्यापारी राहत असत. एके दिवशी सौदा चालू असतानाच त्यांच्या छातीत असह्य कळ आली आणि ते गुळाच्या ढेपांवर कोसळले. गावच्या वृद्ध वैद्यराजांनी शर्थ केली, तेव्हा कुठे जीव वाचला.

वैद्यराजांनी औषध सुरू केले आणि पथ्याची देखरेख आपला शिष्य श्रीरंग याच्यावर सोपवली. मीठ अगदी बेताचे, तूप-तळण वर्ज्य, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचे वरण आणि सकाळ-संध्याकाळ झेपेल तेवढे चालणे. श्रीरंगने सारे नीट समजावून सांगितले. तरीही शेटजींचा दम वाढतच गेला, पायांवर सूज दिसू लागली.

अखेर एका दुपारी शेटजी कोठीघरात उभ्या-उभ्या पुरीबरोबर लोणचे खाताना श्रीरंगला सापडले. तो संतापून गुरूंकडे आला. "ज्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, त्याला आपण कसे वाचवणार?"

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ते श्रीरंगला घेऊन शेटजींच्या घरी गेले.

स्वयंपाकघरात मुले, सुना, नातवंडे पंगतीला बसली होती. तळणीचा वास दरवळत होता, हसणे-खिदळणे चालू होते. शेटजींना मोह नको म्हणून त्यांचे ताट पलीकडच्या खोलीत वाढले होते. ते एकटेच भाकरीचा तुकडा मोडत बसले होते.

वैद्यराज त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. "पद्माक्का, मलाही हेच वाढा," त्यांनी शेटजींच्या पत्नीला सांगितले. दोघांनी निम्मी भाकरी संपवली. मग शेटजीच हलक्या आवाजात म्हणाले, "वैद्यबुवा, भाकरीला माझी ना नाही. पण इथं बसून तिकडचं हसणं ऐकू येतं, तेव्हा वाटतं, ही मंडळी माझ्याविना जेवायची सवय करून घेताहेत."

पद्माक्कांच्या हातातले भांडे तसेच राहिले.

वैद्यराज हात धुऊन उठले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "शेटजींचे औषध चालू राहील. वेगळे ताट मात्र आजपासून बंद. जे त्यांना चालते, तेच या घरात शिजेल आणि सगळे एका पंगतीत जेवतील. संध्याकाळी पद्माक्का त्यांच्यासोबत चढावरच्या जैन बस्तीपर्यंत, देवदर्शनाला चालत जातील."

थोरला मुलगा कुरकुरला, "आम्ही तर धडधाकट आहोत!"

परतीच्या वाटेवर श्रीरंगनेही तीच शंका काढली. "गुरुजी, रोग एकाला आणि पथ्य साऱ्या घराला?"

वैद्यराज थांबले. "बाबा रे, तू त्यांना योग्य अन्न दिलेस, पण ते एकांतात दिलेस. एकट्याला वाढलेले पथ्य शिक्षेसारखे लागते आणि शिक्षा चुकवण्याकडे माणसाचा कल असतोच. सगळ्यांच्या ताटात तेच आले, की ते त्या घराचे जेवण होते. शिवाय मुलगा म्हणतो धडधाकट आहोत. कोसळण्याच्या आदल्या दिवशी शेटजीही हेच म्हणाले असते."

पहिले काही आठवडे घरात कुरबुर झाली. धाकट्या मुलाने तर ताटावरून उठून जाऊन पाहिले. पण पद्माक्का ठाम राहिल्या. हळूहळू सुनांनी कमी मिठात, लिंबू-कोथिंबिरीने चव आणायची हातोटी साधली. शेटजी आधी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग पेठेच्या टोकापर्यंत, पुढे बस्तीपर्यंत चालू लागले. रोग पुरता गेला नव्हता, औषधही सुटले नव्हते. पण पायांची सूज उतरली आणि चढावर पत्नीशी बोलत चालण्याइतका दम टिकू लागला.

त्या वर्षअखेरीस शेजारच्या गावचा असाच एक रोगी श्रीरंगकडे आला. त्याने नाडी पाहिली, औषध दिले, पथ्य सांगितले. मग दारात ताटकळलेल्या नातेवाइकांकडे वळून त्याने विचारले, "यांच्याबरोबर जेवायला कोण कोण बसणार?"