आक्कांची सोबतीण

लोक गाडीतच चूल मांडून भटकू लागले, तेव्हाची गोष्ट. अशाच एका गाडीची बॅटरी पार थकली होती. गाडी सुरू करायची तिनेच, मुक्कामी पंखा आणि फ्रिज चालवायचे तेही तिनेच. मालक प्रभुदेसायांना दया आली. त्यांनी दुसरी बॅटरी आणली आणि घाईघाईत दोघींना थेट वायरने जोडून टाकलं.

"आक्का, आता तुम्ही पडा जरा. घरातलं मी बघते," नवी म्हणाली.

दोघी आहेत म्हटल्यावर गाडीत मिक्सर आला, टीव्ही आला. नवी रिकामी होत गेली, तशी वायरीतून आक्काही उपसली गेली. सकाळी गाडी हूं की चूं करेना.

"तिसरी आणतो," म्हणत प्रभुदेसाई दुकानाकडे निघाले.

आक्का पुटपुटली, "तिसरी कशाला रे बाबा? आमच्या दोघींमधे एक बटण लाव, मुक्कामी वायर तोडणारं. मी झोपले की मला झोपू दे."