ठकीची रेघ

चूल विझली म्हणता? बरं. मग आता पाचदहा मिनिटं उशीर झाला तरी काही बिघडत नाही. त्या पाठपिशव्या खाली ठेवा आणि इकडे येऊन ही रेघ बघून घ्या. काल तुम्ही हिच्यावरूनच सामान ओढत नेलंत, पण तेव्हा मोबाइलला रेंज कुठे येते ते शोधण्यात सगळे गुंतले होते.

माचीच्या वरच्या कड्यापासून खालच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत ही सरळ तीनशे पावलं जाते. रुंदी दोन हात. दोन्ही अंगांना गवत गुडघ्याच्या वर आहे आणि या पट्ट्यात एक काडी उगवत नाही, श्रावणातसुद्धा नाही. मागे कोणी शिकलेले लोक इथली माती पिशवीत भरून घेऊन गेले होते. मातीत काही खोट नाही, असं त्यांनी कळवलं. ते आम्हाला आधीच माहीत होतं.

मी देवजी भवारी, खालच्या वाडीचा. जंगलखात्याच्या या वाटांवरून हौशी माणसं चढवण्या-उतरवण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि त्या माणसांबद्दल माझं मत काही फारसं सुधारलेलं नाही. तंबू दोन मिनिटांत उभा राहतो असं तुम्ही काल तीन वेळा सांगितलंत. पाऊण तास लागला, आणि शेवटी खुंट्या मीच ठोकल्या. घरी गादी असताना मुद्दाम दगडावर झोपायला यायचं आणि मग दगड टोचतो म्हणून रात्रभर कुरकुरायचं, हे मला अजून समजलेलं नाही. पण तुम्ही काही पहिले नाही. पहिला सुभानराव.

हा सुभानराव कुठला तरी जहागीरदार होता. किती पिढ्यांमागे, ते कोणी नक्की सांगत नाही. त्याच्या बैठकीत कोणीतरी बोलून गेलं म्हणे, की सरकारांना आता चार पावलंही चालवत नाहीत. ते त्याला झोंबलं. रानात तीन दिवस राहून दाखवतो, अगदी गोसाव्यासारखा, असं त्याने जाहीर केलं आणि तो चैत्रात या डोंगरावर आला. गोसाव्याबरोबर पालखी होती, दोन राहुट्या होत्या, आचारी, न्हावी, हुक्का भरणारा आणि ओझी वाहणारे चाळीस गडी होते. पालखीतून उतरून तो शेवटची वीस पावलं चालला, तेवढ्याचंही त्याच्या माणसांनी कौतुक केलं, असं सांगतात.

त्या दिवसांत या माचीवर ठकी राहत होती. आमच्याच वाडीची, नवरा गेलेली बाई. उन्हाळ्यात खालचे झरे आटले की जनावरं वर आणायची आणि या टाक्याच्या पाण्यावर जगवायची, ही आमची जुनी रीत. त्या साली तिच्याबरोबर तिची लेक येसूही होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि पोटात कळा आल्या तेव्हा खाली उतरायला वेळ मिळाला नाही. रेघेच्या पलीकडे तो आंबा दिसतो ना, त्याच्याखाली कुडाच्या खोपीत ती बाळंत झाली. सुभानराव आला त्या दिवशी पोर पाच दिवसांचं होतं. येसूला ताप होता आणि तिला उठून बसवत नव्हतं.

सुभानरावाने मुक्काम या अंगाला टाकला, आत्ता तुमचे तंबू आहेत तिथेच. जागा निवडण्यात तुमच्या जातीच्या माणसांचं नेहमी एकमत होतं, कारण इथून सूर्यास्त चांगला दिसतो. वारा दुपारी इथून आंब्याकडे वाहतो, हे कोणी विचारत नाही. तीन दिवस टाक्याचं पाणी त्याच्या आंघोळीला जात होतं. ऊन पाणी, मग गार पाणी, मग पाय धुवायला वेगळं पाणी. तिसऱ्या दिवशी टाक्याच्या तळाला फक्त चिखल उरला. ठकीने दोन घागरी आधीच भरून ठेवल्या होत्या, त्या तिने लेकीसाठी झाकून ठेवल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सुभानरावाला आणखी एक लहर आली. आज चूल आम्ही स्वतः पेटवणार, असं तो म्हणाला. चकमक झाडून झाडून त्याचा हात दुखला, पण शेवटी ठिणगी पडली आणि सगळ्यांनी वाहवा केली. त्यावर दूध तापवून तो ते प्यायला आणि उठला.

वाट दाखवायला ठकीलाच पुढे घेतलं होतं. ती चुलीपाशी थांबली आणि म्हणाली, "सरकार, राखंत हात ठिवून बघा. गार लागली तरच निघा. रान वाळल्यालं हाय, आन् पलीकडं माजी लेक निजलीया."

सुभानराव हसला. जहागीरदाराने राखेत हात घालायचा, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याला हे काम आपल्या पायरीचं वाटलं नाही, त्याने आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी जातीने सोवळ्यातला, त्याने पाणक्याकडे पाहिलं. पाणक्याकडे पाणीच नव्हतं, ते सरकारांच्या अंगावरून वाहून गेलं होतं. त्याने ओझेवाल्यांकडे पाहिलं, आणि ओझेवाले तोवर ओझी उचलून वाटेला लागले होते. शेवटी कारभारी मोठ्याने म्हणाला, "विझली आहे. चल पुढं." एवढ्या माणसांत वाकणारा एक निघाला नाही.

ठकीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. तिची चूक असेल तर ती एवढीच.

अर्ध्या वाटेवर खिंड आहे. तिथे तिने मागे वळून पाहिलं तर माचीवर धूर उभा होता. ती परत फिरली. पालखीतून कोणीतरी हाक मारली म्हणे, की पुढची वाट कोण दाखवणार. ती वर पोचली तेव्हा गवत पेटून वारा सुटला होता आणि आग आंब्याच्या रोखाने निघाली होती. येसूला उचलून न्यावं तर एकटीच्याने दूर नेणं होणार नव्हतं. टाक्यात पाणी नव्हतं. ठकी टाक्यात उतरली, लुगड्यासकट चिखलात लोळली आणि वर येऊन तिने गवत उपटायला सुरुवात केली. टाक्यापासून कड्याकडे, मुळासकट, मूठ मूठ. उपटलेलं आगीच्या अंगाला फेकायचं आणि जिथे ज्वाळ रांगत पट्ट्यात शिरेल तिथे तळहात दाबून ती मारायची. माणसाच्या हातून एवढ्या वेळात होईल असं हे काम नाही. पण झालं. आग रेघेपाशी आली, थांबली आणि मेली. खोपीत पोर झोपलेलं होतं.

ठकीचे हात मात्र गेले. बोटं आतल्या बाजूला वळली ती पुन्हा उघडली नाहीत. तिने त्यानंतर भाकरी थापली नाही, आणि नातवाला घेतलं ते कोपरांच्या बेचक्यात. तो नातू पुढे आजोळीच राहिला, आमचं भवारी घराणं त्याचं. म्हणून मला हे सांगताना राग येतो आणि मी तो लपवत नाही.

पुढच्या साली सुभानराव परत आला. ठकीची गोष्ट चार गावांत पसरली होती, तेव्हा इथे एक देऊळ बांधून त्यावर आपलं नाव घालावं असं त्याला वाटलं. ठकीने देऊळ नको म्हणून सांगितलं. ती त्याला जुन्या चुलीपाशी घेऊन गेली. राखेवरून एक अख्खा पावसाळा जाऊन तिचा दगडासारखा थर झाला होता. ती म्हणाली, "ठिणगी तुमी पाडली व्हती. आता हात ठिवा."

सगळे बघत होते, म्हणून तो हसत वाकला आणि त्याने हात ठेवला. असं सांगतात, की वर्षाची ती गार राख त्याच्या हाताखाली निखाऱ्यासारखी पोळली आणि पाचही बोटांना फोड आले. त्याला पश्चात्ताप झाला वगैरे काही आमच्याकडे सांगत नाहीत. म्हातारीने काहीतरी पेरून ठेवलं होतं असं म्हणत, हात दुधाच्या वाटीत बुडवून, तो पालखीत बसून गेला. तसल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ठकीनेही केली नव्हती. तिने फक्त वाडीला सांगून ठेवलं, की यापुढे माचीवर कोणीही उतरो, हात ठेवल्याशिवाय त्याला वाट दाखवायची नाही.

आजही या माचीवर चूल पेटवणारा माणूस निघताना तिच्या जागेवर उघडा तळहात ठेवतो आणि दहा श्वास मोजतो. ज्याने पेटवली त्यानेच ठेवायचा, दुसऱ्याचा चालत नाही. मोठे हुद्देवाले आले, त्यांनी ठेवला. मी ठेवतो. राख गार असली तर काही होत नाही, नुसता हात काळा होतो.

आजही त्या आंब्याखाली आमचा गोठा आहे. माझी बायको आत्ता तिथे गाईची धार काढते आहे.

आता सांगा, काल काडी कोणी ओढली? व्हिडिओ काढायला सगळे पुढे होते, एवढं मला आठवतं. बाटलीभर पाणी ओतलं म्हणता, तेही मी पाहिलं, अर्धी बाटली तुम्ही आधी प्यायलात. आणि ते धुकं नाही. धुकं तीन दगडांच्या मधूनच वर येत नाही.

एकमेकांकडे बघू नका. तेही असेच बघत होते. तुम्ही, लाल टोपीवाले, काडेपेटी तुमच्याच खिशातून डोकावते आहे, या पुढे आणि वाका.

आधी हातमोजा काढा.