तान्हूआक्का आणि थांबलेला वारा

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती, ते विचारू नका. सांगणाऱ्यांनाही ठाऊक नाही. दोन डोंगरांच्या खिंडीत कळंबदरा नावाचं एक गाव होतं. खिंडीतलं गाव, म्हणून तिथे बारा महिने वारा. पोरींच्या परकरापासून देवळाच्या ध्वजापर्यंत काहीच कधी स्वस्थ नसायचं. त्या गावात तान्हूआक्का नावाची एक वैदीण राहायची.

आक्काची तऱ्हाच वेगळी. कोणी दुखणं घेऊन आलं की ती आधी नाडी धरायची नाही. दारातल्या परातीत पाय बुडवायला लावायची आणि म्हणायची, "हं, चल आता अंगणातनं." माणूस चालत जाई, मागे ओली पावलं उमटत. नुसती टाच आणि बोटं उमटली, तर तो वाताचा. त्याला जमिनीवर टेकवायला हवं. पाऊल बघता बघता सुकलं, तर पित्ताचा. त्याला निववायला हवं. आणि भरदार उमटून दुपारपर्यंत ओलंच राहिलं, तर कफाचा. त्याला हलवायला हवं. मग ती ज्याला त्याला वेगळं आसन सांगायची. कुबड्या टेकत आलेली माणसं कुबड्या तिथेच विसरून जायची, असं म्हणतात.

आता कळंबदऱ्याची एक खोड सांगायला हवी. त्या गावाला समान वाट्याचं भारी वेड. मध निघाला, नारळ फुटला, की घरटी सारखा तुकडा. एकदा पंगतीत एकाच्याच पानावर मोठा लाडू पडला, तर सगळं वऱ्हाड हात धुऊन उठलं होतं. रीत चांगलीच, तिच्यामुळे तिथे कोणी उपाशी झोपलं नाही. पण चांगल्या रीतीलाही कुठे थांबायचं ते कळलं नाही, की ती डोक्यावर बसते.

झालं असं, की गावचे पाटील रंगराव न्यायनिवाड्याला बसले की घोरायचे. देह कणगीसारखा. त्यांचं पाऊल गुरं घरी आली तरी सुकलं नव्हतं, असं म्हणतात. आक्कानं त्यांना रोज उगवतीला बारा सूर्यनमस्कार सांगितले, तेही झरझर. तीन महिन्यांत पाटील असे जागे झाले, की दोन्ही बाजूंचं खोटं त्यांना एकदमच दिसायला लागलं.

गावभर त्याचा बोभाटा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सारजा कासारीण आक्काच्या दारात. बांगड्या भरताना ती नाजूक हातानं भरायची, पण तोंड उघडलं की चुलीतला निखारा.

"आक्का, पाटलाला बारा नमस्कार, आन् मला नुसतं जीभ वळून गार वारा ओढत बसायला लावतीस व्हय? म्या काय घोडं मारलंय तुजं?"

"अगं, तुझ्या अंगात आधीच चूल पेटलीया," आक्का म्हणाली. "त्यात आनखी लाकडं कशाला सारू?"

पण सारजा कसली ऐकते. गाव पिंपळाखाली जमलं आणि ठरलं: औषधाचाही वाटा सारखाच. पाटलाला जे मिळालं ते सगळ्यांनी, रोज, चावडीपुढे. जो वेगळं करील किंवा सांगेल तो गावाबाहेर. आक्का म्हणाली, "पस्तावाल." गावानं ते कानाआड केलं.

पाटलासारखे चार जाडजूड गडी खूश झाले. पित्ताची मंडळी मात्र न्याहारीपूर्वीच भांडायला लागली, आणि सारजानं तर रागाच्या भरात स्वतःच्याच टोपलीतल्या बांगड्या फोडल्या. इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण मग निंबाजी कोष्ट्याचे हात गेले.

निंबाजी म्हणजे काटकुळा, वाताचा माणूस. चैत्राच्या जत्रेला देवी नेसायची ते लुगडं त्याच्याच मागावर विणलं जायचं. त्या लुगड्याशिवाय पालखी उचलायची नाही, आणि त्याच्या घराण्यात त्याच्यामागे कोणी नव्हतं. जत्रा अकरा दिवसांवर आलेली, आणि धावपळीच्या त्या नमस्कारांनी त्याच्या हातांना असा कंप सुटला, की मागाच्या फणीतून धागा ओवता येईना.

उपरण्याखाली हात लपवून तो आक्काकडे आला. "आक्का, हात ऐकत न्हाईत. माजं काय व्हायचं ते होऊ दे, पर देवीला जुनेरं नेसवावं लागंल गं."

आक्काला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, फार वाटली. तिचे केस पिकलेले, गावाबाहेर तिला ओळखणारं कोणी नाही. पण तिनं निंबाजीचे हात पाहिले आणि तिळाचं तेल गरम करायला ठेवलं. त्याच्या तळपायांना ते जिरवलं, भिंतीला पाय वर टेकवून त्याला निजवलं, मग दोन्ही टाचा जमिनीत रुजवून उभं केलं. "घाई करू नगं. श्वास आला की येऊ दे, गेला की जाऊ दे."

एवढ्यात पाटील गाव घेऊन आलेच. "आक्का, गावानं ठरवलं होतं."

"ठरवलं होतं ना? मग निंबाजीच्या हातांची थरथर बी घरटी सारखी वाटून घ्या, रंगराव. घ्या, मी ह्या पावली गाव सोडते."

पाटलांनी मान खाली घातली, ठराव तिथेच मोडला, आणि सारजानं, कधी नव्हे ते, तोंडाला पदर लावला.

निंबाजी मागावर बसला. हात निवळले होते, पण खिंडीतला वारा ताण्याच्या उभ्या धाग्यांना हलवी, आणि ताणा हलला की हात पुन्हा कापत. तेव्हा आक्का उठली, खिंडीत गेली, आणि एका पायावर झाडासारखी उभी राहिली. वाऱ्याला म्हणाली, "त्याच्या हातातनं निघालास, आता भाईरबी जरा बस." आणि वारा बसला, असं म्हणतात. अकरा दिवस पिंपळाचं पान हललं नाही. उफणणी अडली, पण कुणी कुरकुर केली नाही. सगळ्या गावात फक्त माग ऐकू यायचा. एक श्वास, धोट्याची एक खेप. अकराव्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं. देवी नेसली, पालखी निघाली, आक्कानं दुसरा पाय खाली टेकला, आणि वारा सुटून देवीचा पदर फडफडला.

काही म्हणतात, त्याच वाऱ्याबरोबर आक्का गेली. काही म्हणतात, ती पुढे पुष्कळ जगली. मला दुसरं पटतं. सारजाला निववायला तेवढी वर्षं लागलीच असणार.

आजही जत्रेच्या सकाळी कळंबदऱ्याचं सगळं गाव चावडीपुढे आक्काच्या नावानं एकत्र जमतं. कोणी नमस्कार घालतं, कोणी आडवं पडतं, कोणी जीभ वळून गार वारा ओढतं. पाहुणे हसतात, हसू देत. एखादी नवी सून बावरून इकडे तिकडे बघायला लागली, की शेजारची बाई हळूच म्हणते, "माजं बगू नगंस, बाय. तुजं तू हुडीक. आमी थांबतो."

आणि तिला तिचं सापडेपर्यंत देवीची पालखी उचलत नाहीत.