चेअरमनसाहेबांचा दुसरा मेसेज

सूतगिरणीचे चेअरमन रणधीरराव चिडले की भल्याभल्यांची वाचा बसायची. त्या दिवशी भर बैठकीत त्यांनी आपली सेक्रेटरी शालन भोगले हिला उभं केलं.

“बाई, तुमचा फोन उघडेपर्यंत माझा चहा गार होतो. उद्या वेगवान प्रोसेसरचा नवा फोन आणा, नाहीतर कामावर येऊ नका.”

पदर मुठीत घट्ट धरून शालन म्हणाली, “आणते, साहेब. फक्त एक विचारू?”

“विचारा.”

“परवा कामगारांशी वाजलं, तेव्हा ‘गेटला कुलूप लावा, सगळ्यांना घरी पाठवा’ असा तुमचा मेसेज होता. माझा फोन उघडेपर्यंत त्याखाली दुसरा आला होता, ‘थांबा, काही करू नका.’ नव्या फोनवर पहिला लगेच दिसेल. मग साहेब, तुमच्या रागाचं ऐकायचं, की दुसऱ्या मेसेजची वाट बघायची?”

कुणी मान वर करेना. आता नोकरी गेलीच, असं समजून शालनने डोळे मिटून घेतले.

रणधीरराव खाकरले. “फोन आहे तोच राहू द्या,” ते हळू आवाजात म्हणाले.

शालन खाली बसली, तेव्हा कुठे तिने मुठीतला पदर सोडला.