कोऱ्या पत्राचे उत्तर

एकदा एका मठात ब्रिजित नावाची एक तरुण धर्मभगिनी व्रतांची तयारी करीत होती, आणि घरच्या पत्रांचा तिला मनस्वी राग येत असे. मठ घाटावरच्या एका लहान गावात होता. घर खाली वसईच्या किनाऱ्याला, केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत. अंतर फार नव्हते, पण व्रते होईपर्यंत घरी जायचे नाही असा नियम होता. पत्र तेवढे लिहिता येई. महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकच कागद, पाठपोट. पाकीट न चिकटवता ते वृद्ध सिस्टर आगाता यांच्या हाती द्यायचे. त्या वाचत, मग चिकटवत. घरून आलेले पत्रही आधी त्याच फोडून वाचत आणि मग जिचे तिला देत. नव्या मुलींना शिकवणे आणि टपाल सांभाळणे, ही दोन्ही कामे त्यांच्याकडे होती.

ब्रिजितचा राग अगदीच अकारण होता असे म्हणता येणार नाही. ज्या घरातली मुलगी मठात जाते, त्या घराला पुष्कळदा वाटू लागते की आपण देवाच्या कचेरीत एक माणूस बसवून ठेवले आहे. आईचे पत्र येई, त्यात पहिल्या दोन ओळी खुशालीच्या, आणि पुढे अर्जांची रांग. थोरल्या भावाच्या कुवेतच्या व्हिसासाठी प्रार्थना कर. विहिरीचे पाणी मचूळ होत चालले आहे, त्यासाठी कर. मामेबहिणीचे जमत नाही, तिच्यासाठी कर. शेजारच्या एका बाईच्या डोळ्यांसाठी संत लुसीला साकडे घाल. आणि शेवटी आशीर्वाद. 'तू कशी आहेस?' हे तीन शब्द दोन वर्षांत एकदाही आले नव्हते. पहाटेच्या थंडीत गुडघे टेकून तिला रडू येते का, ताटातले उतरते का, हे कोणाला जाणून घ्यायचे नव्हते. पुढे पुढे ती पत्र उघडून आधी ते तीन शब्दच शोधी. ते न दिसले की घडी घालून पत्र फडताळात टाकी.

ईस्टर झाल्यावर ती सिस्टर आगातांकडे गेली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पत्रे वाटत नसत, त्यामुळे तीन पत्रे एकदम हाती आली होती, आणि तिन्हींत तीच रांग होती.

ती म्हणाली, "सिस्टर, सप्टेंबरात माझी व्रते आहेत. त्या दिवसापासून घराशी पत्रव्यवहार सोडावा, अशी माझी इच्छा आहे. प्रभूसाठी एवढा त्याग करू द्या."

वृद्धेने चष्मा वर सरकवला. "प्रभूने हा त्याग मागितला, की नको झालेली वस्तू तू त्याच्या पदरात टाकते आहेस?"

ब्रिजित लाल झाली. मग साचलेले सगळे बाहेर पडले. "त्यांना मी नकोच आहे, सिस्टर. त्यांना नवस फेडणारी कोणीतरी हवी. माझी पत्रे तरी ते वाचतात की नाही, देव जाणे!"

सिस्टर आगातांनी टेबलाचा खण उघडला. त्यांनी एक कोरा कागद काढला, त्याची घडी घातली, पाकिटात सरकवला आणि पाकीट तिच्यापुढे ठेवले. "पत्ता लिही."

"आणि पत्र?"

"हेच पत्र."

ब्रिजितला अर्थ लागला नाही, पण मनातून तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता होऊ दे परीक्षा! कोरा कागद पाहून आईचा जीव तरी उडेल. पोरगी आजारी पडली का, तिच्या हाताला काही झाले का, म्हणून थोरला धावत येईल. दाराची घंटा वाजली की तिचे पाय तिकडे वळत. दोन आठवडे ती अशी वाट पाहत होती, आणि तिने देवाची वाट इतक्या आतुरतेने कधी पाहिली नव्हती, हेही सांगून टाकलेले बरे.

उत्तर आले. सिस्टर आगातांनी ते तिच्या हाती दिले आणि समोरच बसून राहिल्या.

'प्रिय ब्रिजित, तुझे पत्र मिळाले. वाचून फार आनंद झाला. आम्ही सर्व सुखरूप आहोत. थोरल्याचा व्हिसा अजून अडकला आहे...'

पुढे ती वाचूच शकली नाही. कागद टेबलावर आपटून ती कडवट हसली. "पाहिलेत? कोऱ्या कागदाने यांना आनंद झाला! आता तरी मला परवानगी द्या."

"पत्र वाचलेस?"

"वाचले की!"

"कागद पाठपोट असतो, मुली. उलट."

तिने कागद उलटला. मागची बाजू गच्च भरली होती.

'ब्रिजित, हे आईंना न सांगता लिहिते आहे. मी फ्लोरी, तुझी वहिनी. तुझा कागद कोरा आला. आई त्यावर हात फिरवत बसल्या होत्या. म्हणाल्या, वाच गं, काय म्हणतेय माझी बाय? मी काय वाचू? तुझे मागचे पत्र मला पाठ होते, तेच म्हणून दाखवले. त्यांना कळले नाही. त्यांना आता दिसत नाही, ब्रिजित. गेल्या पावसाळ्यापासून कमी होत गेले, आता दाराची चौकट चाचपून बाहेर येतात. आपल्या फादरांनी बजावले होते की व्रते होईपर्यंत घरचे दुःख मुलीच्या कानावर घालू नका, तिचे मन माघारी फिरेल. कशी आहेस म्हणूनसुद्धा विचारू नका, पोरी रडतात. म्हणून आई दर पत्रात ते शेजारच्या बाईचे लिहायला लावतात. शेजारी कोणाचे डोळे गेलेले नाहीत. त्यांचेच ते. तू त्यासाठी प्रार्थना करतेस ना? त्या रोज विचारतात.'

ब्रिजित उभ्याची खाली बसली. कारण ती प्रार्थना तिने केलीच नव्हती. व्हिसासाठी केली होती, विहिरीसाठीही अर्धवट मनाने केली होती. पण आपली विचारपूस सोडून आई शेजारणीची काळजी वाहते, या रागात ती ओळ तिने दर महिन्याला गाळली होती.

वृद्धेने फडताळातून जुनी पत्रे आणली आणि टेबलावर क्रमाने मांडली. पहिल्या वर्षीचे आईचे अक्षर बारीक, ओळीला धरून होते. पुढे अक्षर मोठे होत गेले, ओळी वर चढू लागल्या, एके ठिकाणी एक ओळ दुसरीवर बसली होती. ऑक्टोबरात तर अर्धे वाक्य कागदाबाहेर सांडले होते. नाताळनंतरचे अक्षर सरळच दुसऱ्या कोणाचे होते.

सिस्टर आगाता म्हणाल्या, "तुझी आई ताकाला जाऊन भांडे लपवीत होती. लपवणाऱ्याला विचारले तर तो आणखी लपवतो. म्हणून कोरा कागद पाठवला. त्यावर उत्तर लिहायचे तर त्या घरात कोणाला तरी खरे लिहावेच लागले असते. घरच्यांनी तुझी खुशाली विचारली नाही, हे तुझे दुःख खरे आहे, ते मी खोटे म्हणत नाही. पण तू प्रत्येक पत्रात फक्त स्वतःला शोधत राहिलीस. आई त्याच कागदावर होती. तुझ्या डोळ्यांदेखत तिचे डोळे जात होते."

ब्रिजितने मान वर केली. आवाजात धार होती. "अक्षर तुम्हीही पाहिले असेल, सिस्टर. सगळी पत्रे आधी तुम्हीच वाचता."

सिस्टर आगातांनी समोरची पत्रे गोळा केली. मग म्हणाल्या, "पाहिले होते. उपवासकाळातल्या पहिल्याच पत्रावर अक्षर बदललेले पाहिले, आणि नियमावर बोट ठेवून ती पत्रे ईस्टरपर्यंत कुलपात ठेवली. त्याआधीच्या चढत्या ओळींकडे मीही लक्ष दिले नाही. चाळीस मुलींची पत्रे वाचते, त्यात काही वावगे नाही ना एवढेच बघते. ते माझ्या पदरात, पोरी. तुझ्या पापात मी माझे मिसळणार नाही."

आणि आता या गोष्टीतले सर्वांत कडू सांगायचे राहिले आहे. मठाच्या भिंतीला लागूनच त्याच संघाच्या भगिनींचा दवाखाना होता, आणि तिथे दर गुरुवारी डोळे तपासत. काखेत कळसा असणे म्हणजे काय, ते त्या दोघींना त्या दुपारी कळले. गेले दहा महिने डोळ्यांची ती ओळ त्या भिंतीच्या अलीकडे येऊन पडत होती.

आईला आठवड्याच्या आत आणले. तपासणाऱ्या भगिनीने सांगितले, काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला. डाव्यात थोडा उजेड आहे, तेवढा राखता येईल. गेलेले परत येत नाही. "वर्षापूर्वी आणले असते तर," असे म्हणून तिने ब्रिजितच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले. आई मात्र मुलीचे तोंड चाचपत म्हणाली, "रडू नको गं. तुझ्या प्रार्थनेनंच एवढा तरी राहिला." ब्रिजितने त्यावर हो म्हटले नाही आणि नाही म्हणण्याचे धैर्यही तिला झाले नाही.

सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मसणाला व्रतविधी झाला. सात जणी एकसारख्या शुभ्र वेषात वेदीपुढे उभ्या होत्या. पहिल्या बाकावर आई बसली होती, नवी साडी, केसांत सोनचाफा, मान गाणाऱ्या मुलींच्या आवाजाकडे वळलेली. प्रार्थनामंदिर क्षणभर शांत झाले तेव्हा तिने सुनेला हळूच विचारले, "फ्लोरी, यातली आपली कुठली?" हळू विचारले, पण वेदीपर्यंत ऐकू गेले.

दुसऱ्या दिवसापासून टपालाचे काम सिस्टर ब्रिजितकडे आले; वृद्धेने ते स्वतःहून सोपवले. पाकीट फोडले की ती आधी मजकूर वाचत नसे. कागद उजेडात धरून आधी अक्षर पाही, मग तो उलटून मागची बाजू पाही. आणि कोणाही मुलीला पत्र देताना म्हणे, "इथेच वाच. शेवटपर्यंत."

आपल्याकडे आता पत्रे येत नाहीत, निरोप येतात. तरी घरून आलेल्या शेवटच्या निरोपातली जी ओळ आपण कंटाळून गाळली, ती कोणाविषयी होती, हे आज एकदा विचारून पाहावे.