एकशेनव्वद वऱ्हाडी आणि साठ बैल

"एकशेनव्वद माणसं, एकाच खेपेत! आणि एकाचाही पाय जमिनीला लागला तर वरात परत!" पळसगडचे राजे वीरधवल कपाळावर हात मारून ओरडले.

सोनखेडच्या राजांचा निरोप आला होता. त्यांचा मुलगा आणि पळसगडची राजकन्या यांचं लग्न उद्यावर आलं होतं. वऱ्हाड नावांमधून नदीच्या घाटावर उतरणार. तिथून राजवाडा एक कोस, आणि तेवढ्या वाटेत कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. घोडा, हत्ती, पालखी सोनखेडच्या कुळाला वर्ज्य!

"मग वर्ज्य नाही तरी काय?" राजांनी विचारलं.

"बैलगाडी, महाराज," प्रधान म्हणाले.

म्हणून सगळा दरबार गाडीखान्यात गोळा झाला होता. गाड्या मुबलक होत्या. मोठ्या गाड्याला चार बैल लागत आणि त्यात गाडीवान सोडून बारा माणसं बसत. लहान दमणीला दोन बैल लागत आणि तिच्यात सात. पण बैल होते साठ आणि गाडीवान वीस, एका गाडीला एक. बैल असे माथेफिरू, की या वीस जणांखेरीज कुणाचं ऐकत नसत. सकाळीच सेनापती रणमल्लराव हौसेनं कासरा धरून बसले होते, आणि बैलांनी त्यांना तळ्यात नेऊन ओतलं होतं.

"शेजारच्या राजाकडून बैल मागवू," प्रधानांनी सुचवलं.

"माझ्या लेकीचं वऱ्हाड उसन्या बैलांनी आणू? मुळीच नाही!" राजे गरजले. "आणि दाटीवाटीही चालणार नाही. संध्याकाळपर्यंत तोड काढा, नाहीतर उद्या प्रधान आणि सेनापतींनाच गाडीला जुंपतो!"

सेनापती हे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ, पण राजांचा राग नाती पाहत नसे. ते घाईनं म्हणाले, "थोरामोठ्यांना मोठे गाडेच हवेत! जुंपा सगळे गाडे!"

पंधरा गाडे जुंपून साठही बैल संपले. माणसं बसणार होती एकशेऐंशी. दहा उरली. पाच गाडीवान मात्र बिनकामाचे, तंबाखू मळत बसले.

"बैल वाया घालवलेत!" प्रधान म्हणाले. "चार बैलांत दोन दमण्या होतात, म्हणजे बाराऐवजी चौदा माणसं. सगळ्या दमण्याच काढा!"

गाडे सोडले, दमण्या जुंपल्या. वीस दमण्या झाल्या आणि गाडीवान संपले. माणसं बसणार होती फक्त एकशेचाळीस! उरलेले वीस बैल निवांत रवंथ करत राहिले.

"गाडे!" सेनापती ओरडले.

"दमण्या!" प्रधान किंचाळले.

तेवढ्यात पेंडीची पाटी घेऊन धुरपा आत आली. ती गाडीखान्यातल्या बैलांना खाऊ घालायची, आणि बैलांना जशी बोलायची तशीच माणसांनाही. बैलांची हालत पाहून ती भडकली.

"सकाळपासून जुंपताय नि सोडताय! मुक्या जनावरांनी काय तुमचं घोडं मारलंय?"

"तुला जमतंय का बघ!" राजे चिडून म्हणाले.

"जमेल की! पण मी सांगेन तेवढंच करायचं. मधे कुणी तोंड घालायचं नाही."

राजांनी डोळे वटारले, पण मान हलवली.

"आधी सेनापतींचे पंधरा गाडे जुंपा," धुरपा म्हणाली. गाडे जुंपले. "आता एक सोडा, आणि त्याच बैलांना दोन दमण्या लावा. बारा माणसं उठली, चौदा बसली. दोघांचा फायदा! जादा गाडीवान लागला एक. ए तंबाखूवाल्या, चल ऊठ!"

पुन्हा एक गाडा सुटला, पुन्हा दोन माणसं वाढली. पाचही गाडीवान कामाला लागले तेव्हा अंगणात दहा गाडे आणि दहा दमण्या उभ्या होत्या. गाड्यांत एकशेवीस, दमण्यांत सत्तर.

"एकशेनव्वद!" राजे उडालेच.

प्रधानांना चेव आला. "थांबू नका! आणखी एक गाडा सोडा, एकशेब्याण्णव होतील!"

"सोडा की," धुरपा म्हणाली, "आणि दुसरी दमणी हाकायला तुम्ही बसा. गाडीवान संपले, प्रधानजी! आता बारा उठतील आणि सातच बसतील. तळं अजून भरलेलं आहे, बघा विचार करून."

प्रधान दोन पावलं मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी घाटावर वऱ्हाड उतरलं. नवरदेवासकट सगळे झोकात गाड्यांत बसले. शेवटची जागा भरली आणि नावेतून आणखी एक अवाढव्य गृहस्थ डुलत बाहेर आले.

"हे आमचे कुस्तीचे वस्ताद," सोनखेडचे राजे मिशीत हसत म्हणाले. "ऐनवेळी निघाले. पण आमची अट तीच हं!"

वीरधवलांचा चेहरा उतरला. गाड्यांमागून आलेल्या धुरपेकडे त्यांनी हळूच पाहिलं.

"बैल संपले, गाडीवान संपले," ती म्हणाली. "आता गाड्या कशाही मांडा, एकसुद्धा माणूस वाढायचा नाही."

"म्हणजे वरात परत?"

"परत कशाला? महाराज, नवरीचे मामा कुठं आहेत?"

सगळ्यांच्या माना सेनापतींकडे वळल्या.

"नवरदेवाला खांद्यावर मिरवायचा मान नवरीच्या मामांचा! नवरदेव मामांच्या खांद्यावर, वस्ताद नवरदेवाच्या जागेवर. सांगा राजेसाहेब, कुणाचा पाय जमिनीला लागला?"

"माझा लागेल ना!" सेनापती कळवळले. "एक कोसभर!"

"तुम्ही कुठं वऱ्हाडी आहात?" धुरपा म्हणाली. "तुम्ही आमच्याकडचे!"

सोनखेडच्या राजांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. वीरधवल तर पोट धरून चाकाला टेकले. दोघं व्याही गळ्यात गळे घालून हसत असताना नवरदेव मामांच्या खांद्यावर चढला आणि वरात निघाली.

लग्न लागल्यावर राजांनी धुरपेला गाडीखान्याची मुखत्यार नेमलं, आणि वर एक नवी कोरी दमणी आणि खिल्लारी बैलांची जोडी दिली.