कुठवर येऊ?

फार फार वर्षांपूर्वी, राजेसुद्धा आखाड्याची माती कपाळाला लावत त्या काळी, एका राज्यात एक पैलवान होता. पैलवान कसला, डोंगरच! तो शड्डू ठोकायचा तेव्हा झाडावरची पाखरं उडायची. त्याच्यासारखं व्हायचं म्हणून गावातली पोरं मुकाट दूध प्यायची, बोला!

पण एका जत्रेनंतर काय बिनसलं कोण जाणे. गडी खाटेवर पडला तो उठेचना. आखाड्याचं नाव काढलं की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. ताटातली भाकरी तशीच राहायची. त्याची आई दिसेल त्याला सांगायची, "असंच चाललं तर पोर हातचं जाईल हो माझं!"

मग काय, सल्ल्यांना तोटा नाही! राजानं बदाम-तूप धाडलं. वैद्यानं काढा पाजला, कुणी ताईत बांधला. दोस्तांनी तर बांगड्याच पाठवल्या. "हरायला घाबरतोस होय रे? भर मग!" पैलवानानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेवटी राजानं सोबतिणीला बोलावलं. कुणाचं मन जड झालं की ही बाई त्याच्याजवळ जाऊन बसायची, म्हणून सारे तिला सोबतीणच म्हणत.

"बाई, जत्रा तोंडावर आलीय. माझा पैलवान मला जिंकायला हवा!"

"महाराज, तुम्हाला काय हवं ते कळलं," ती म्हणाली. "त्याला काय हवं ते त्याला विचारते."

ती गेली आणि खाटेशेजारी बसली. ऊठ म्हणाली नाही, खा म्हणाली नाही. रोज यायची, बसायची, उद्या येते म्हणून जायची. मग एकदा तिनं हळूच विचारलं, "कशाची रे भीती वाटते?"

आणि काय सांगू तुम्हाला, इतक्या शहाण्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं!

पैलवान ढसाढसा रडला. "हरण्याची नाही गं, मावशी. माझ्याच हातांची! गेल्या जत्रेत समोरच्याचा हात पिरगाळला मी. हाड मोडल्याचा तो आवाज अजून कानातून जात नाही."

'अरे, कुस्तीत चालायचंच!' असं म्हणणं किती सोपं होतं. पण ती तसं म्हणाली नाही. तिनं विचारलं, "मग काय करावंसं वाटतं?"

"त्याला भेटावंसं वाटतं. पण पाय उचलत नाहीत."

"मी येते की. कुठवर येऊ?"

पैलवानानं विचार केला. "त्याच्या दारापर्यंत."

ती दारापर्यंतच गेली! आत डोकावलीसुद्धा नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिली. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग आरडाओरडा, "इतके दिवस कुठं उलथला होतास रे?" आणि मग दोघांचं गडगडाटी हसणं! बाईनं पदरानं डोळे टिपले.

जत्रेचा दिवस उजाडला. हलगी कडाडली, आणि लाल मातीत कोण उतरलं? आपला पैलवान! काठावर त्याचा तो वाकड्या हाताचा दोस्त ओरडतोय, माणसं नुसती नाचतायत! कुस्ती लागली. झटापटीत समोरच्याचा हात पैलवानाच्या पकडीत आला. अगदी तसाच! एक हिसका दिला की कुस्ती मारलीच! सारी जत्रा श्वास रोखून उभी.

पैलवानानं त्या हाताकडे पाहिलं आणि तो सोडून दिला. दुसरा डाव टाकायला गेला, तो फसला, आणि धाडकन स्वतःच चितपट!

राजा ताडकन उठला. "बाई, तुझी मेहनत फुकट गेली! भित्रा तो भित्राच राहिला!"

पण पैलवान माती झटकत उठला आणि मोठ्यानं हसला. "महाराज, हात भीतीनं नाही सोडला, मर्जीनं सोडला! पुढच्या जत्रेला परत उतरणार. आधी कुणीतरी जेवायला वाढा, कडकडून भूक लागलीय!"

ताट वाढायला आईनं अशी धाव घेतली म्हणता! मग राजा खाली मान घालून म्हणाला, "बाई, असं काय औषध दिलंस?"

"त्याच्या मनातलं ते त्याचं आहे, महाराज. सांगायचं असेल तर तोच सांगेल."

आणि पैलवानानं जेवता जेवता सारी हकिकत खरंच सांगितली. तेव्हापासून त्या राज्यात कुणी खचलं की लोक आधी आपला सल्ला गिळायचे आणि विचारायचे, "कुठवर येऊ?"

तात्पर्य: दुखणं ज्याचं, वाट त्यालाच ठरवू द्यावी; आपण फक्त सोबत द्यावी.